अजून नाय आला

भाद्रपद लागला की आमच्या आळीतले पोरगे समोरच्या वडाला कर्णा बांधतात आणि विसर्जनापर्यंत माझ्या डोक्याला भुंगा लावतात. यंदा पहिल्याच सकाळी मी पडवीत भेंडी चिरत बसले होते आणि कर्ण्यातून कुणी बाई गळा काढून गायला लागली, ‘अजून नाही आला...’ चाल नवी, वाजवणं नवं, नुसता धिंगाणा. पण शब्द तेच. माझी विळी थांबली. उठले, पायरी उतरले, फाटकापर्यंत गेले आणि रस्त्याकडे बघत उभी राहिले. कोण येणार होतं? कुणी नाही. ज्यांची वाट बघायची ती माणसं कधीच येऊन, जेवून, म्हातारी होऊन गेलीसुद्धा. नात म्हणाली, "आजी, कुणाला बघतेस गं?" मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्याला." ती हसत आत गेली, पण माझे पाय काही त्या दिवशी ठरले नाहीत. भेंडीही तशीच राहिली.

संध्याकाळी नात सांगत होती, या शब्दांवर म्हणे तीन-चार गाणी आहेत. एक सिनेमातलं, एक भजन, एक कोळीगीत. तिला त्याचं मोठं नवल. अगो, तीन-चार काय घेऊन बसलीस! आमच्या एका पावसाळ्यात या शब्दांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. ज्याच्या तोंडी बघावं त्याच्या तोंडी तेच. प्रत्येकाचं गाणं निराळं, चाल निराळी, आणि प्रत्येकजण छातीवर हात मारून सांगायचा की ही ओळ मूळची आमची.

साल मला विचारू नका. मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी बाजारात अजून ताज्या होत्या, एवढं आठवतं. मी नुकती सासरी नांदायला गेले होते, रत्नागिरीपासून बैलगाडीच्या वाटेवर. त्या वर्षी रत्नागिरीत एक नाटक कंपनी आली आणि अडकली. पावसाआधीची शेवटची बोट त्यांची चुकली. मोटारीनं घाट चढून कोल्हापूरला जायचं तर ते पडदे, त्या ट्रंका, ते राजवाड्याचे खांब न्यायचे कसे? मग काय, राहिली कंपनी पावसाळाभर गावात, आणि आलटून पालटून तीच नाटकं करत बसली. त्यातल्या एका नाटकात नायिका खिडकीशी उभी राहून ‘अजुनि नाही आला’ म्हणून पद म्हणायची. नायिका म्हणजे बापय माणूसच, नऊवारी नेसलेला. पण आमचे हे ते ऐकून आले आणि बिघडलेच. गोठ्यात धार काढताना तेच, बैलांना पाणी दाखवताना तेच. ताना घेताना मान अशी वाकडी करायचे की म्हशीनं पान्हा चोरावा. मी म्हणायचे, "अहो, ती कुणाची वाट बघते ते तरी सांगा." हे म्हणायचे, "ते आता ध्यानात नाय. पण ओळ काय झकास हाय!"

मग ती ओळ नाटकातून सुटली ती सुटलीच. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन बसायचं, त्यांनी ती टाळांवर घेतली आणि गणपतीची वाट बघायला लागले. पालीच्या बाजारात एका हॉटेलात फोनो होता, भोंग्याचा. त्यावर त्याच शब्दांची एक लावणी तबकडीवर लागायची, आणि गाडीवान मंडळी चहाची बशी हातात धरून माना डोलवायची. ती बाई अशी काही ठसक्यात म्हणायची की तो न आलेलाच बरा, असं वाटावं. आणि आमच्या सासूबाई पहाटे जात्यावर बसल्या की आपल्या म्हाताऱ्या आवाजात म्हणायच्या,

अजून नाही आला, माझ्या माहेरचा मुराळी
वाटेकडे डोळे, दळण राहिले जात्याखाली

त्यांचे आईबाप, भाऊ केव्हाच वारलेले. तरी म्हणायच्या. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

खाडीकडून हलीमाबी सुकट विकायला यायची. तिचा नवरा जहाजावर खलाशी. ती ओसरीवर पाटी उतरवून म्हणायची, "ही ओळ तुमच्या नाटकवाल्याची? गप गो! आमच्या लग्नांत नवऱ्याची वरात येईपर्यंत बायका हेच गातात. उशीर झाला तर नवरीच्या आयशीला चिडवतात, की बुडाला वाटतं तुझा जावय." आणि खदखदून हसायची. नवरा दर्यावर असलेली बाई असं हसू कशी शकते, हे मला कळायचं नाही. एकदा विचारलंच. तर पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "हसले नाय तर काय करू? तो येतो तेव्हा येतो."

या सगळ्यात माझं लक्ष मात्र माहेरच्या वाटेकडे. माझं माहेर पालीच्या अलीकडे, कोल्हापूरच्या मोटाररस्त्याला लागून. माझा दादा, शिरपत, मुंबईला गिरणीत होता. दोन गणपती झाले, तो आला नव्हता. आधी कुणाकुणाबरोबर निरोप यायचा, मग तोही बंद झाला. मुंबईहून येणारी माणसं डोळे चुकवायची. एक म्हणाला, त्यानं तिकडे बिऱ्हाड केलंय. दुसरा म्हणाला, बिऱ्हाड कसलं, गिरणीच सोडलीन, कुठे असतो कुणास ठाऊक. घरात बाबा नव्हते, आय होती आणि भागीवहिनी. मूलबाळ नव्हतं. आणि वहिनीच्या भावानं, धोंडूनं, येऊन सांगितलं होतं, की या गौरीपर्यंत बघतो. शिरपत आला तर आला, नाहीतर काडीमोड घेऊन बहिणीला घेऊन जातो आणि दुसरीकडे तिचा पाट लावतो. आमच्यात ते चालतं. धोंडूचं काही चुकत होतं असंही नाही. भरल्या वयाची बहीण, किती दिवस दुसऱ्याच्या चुलीशी बसवायची?

गौरीला मला माहेरी न्यायला मुराळी कोण येणार, हा प्रश्न होता. भाऊ परागंदा. मी सासूबाईंचीच ओवी मनात घोळवत अंगणात येरझारा घालत होते. आणि दुपारच्या पावसात डोक्यावर इरलं घेऊन, चिखलानं भरलेली, वहिनी दारात उभी! आमची माणसं बघतच राहिली. मुराळी म्हणून बाईमाणूस आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, बापयमाणूस नाय कोण?" वहिनी इरलं भिंतीला टेकवत म्हणाली, "हाय ना. येतोय तो. तवर मी आले." असं सांगितलं जणू दादा मागच्या वळणावर चंची सोडून पान खायला थांबलाय. मला रडू फुटलं आणि रागही आला. रस्ताभर मी तिच्याशी भांडत होते, की कशाला खोटं बोललीस. ती नुसती पुढे चालत होती, भराभर. चालायची म्हणजे पळायचीच ती.

त्या वर्षी गणपती लवकर आले होते. बोटी सुरू व्हायच्या होत्या. त्यामुळे मुंबईची माणसं आगगाडीनं कोल्हापूर गाठून, घाट उतरून मोटारीनं येत होती. मोटारीचा भोंगा आमच्या घरात ऐकू यायचा. पालीकडून मोटार निघाली की वाडीतली पोरं रस्त्याकडे धावायची आणि कुणाच्या तरी घरातून "आला! आला!" अशी ओरड उठायची. आमच्या घरातून नाही. वहिनी काय करायची, तर भोंगा वाजला की हातातलं काम बदलायची. भाजी चिरत असली तर उठून घागर घ्यायची. घागर भरलेली असली तर ओतून परत भरायची. झाडलेलं अंगणातलं खळं पुन्हा झाडायची. बसायची म्हणून नाही. आय म्हणायची, "भागे, जरा टेक गो." ती म्हणायची, "टेकते ना," आणि गोठ्याकडे चालू लागायची. मलाही मग बसवेना. सासरची कोरी चोळी अंगाला टोचत होती की काय, नुसती तगमग होत होती. धोंडू गौरी आणायच्या दिवशी येऊन ओटीवर बसला. सुपारी कातरत होता.

आणि बाहेर सगळीकडे तीच ओळ! वाडीचा जाखडीचा नाच गंगारामकाकांचा. काकांना अक्षरओळख नव्हती, पण गाणी रचायचे ती ठेका धरून, भात लावताना. जाखडीच्या बारीत, म्हणजे दोन शाहिरांच्या सामन्यात, आमच्याकडे नियम असतो, की समोरच्या शाहिरानं ज्या शब्दांनी गाणं उचललं, त्याच शब्दांनी उत्तर उचलायचं. नाहीतर हरलात. पालीच्या बारीत समोरच्यानं नाटकातली ओळ उचलून शंकराचं गाणं टाकलंन, आणि काकांनी जागच्या जागी त्याच शब्दांची गवळण करून त्याची जिरवलीनी. राधा यमुनेवर उभी आहे, घागर भरून वाहते आहे, आणि तो अजून नाय आला. झालं! तेव्हापासून नाच ज्या घरी जाईल त्या घरी माणसं म्हणायची, "काका, ती म्हणा. ती राधेची." बायका फुगड्या घालताना तीच म्हणायच्या. पोरीबाळी झोपाळ्यावर तीच म्हणायच्या. आम्ही गेलो की मात्र गप्प व्हायच्या आणि एकदम दुसरं काहीतरी सुरू करायच्या. वहिनीला हे दिसत नव्हतं असं नाही. ती ओठ मिटून फुगडी घालायची, गरागरा, समोरचीला घेरी येईपर्यंत.

मी पुष्कळदा विचार करते, की असं काय होतं त्या शब्दांत? देवाच्या दारात म्हटले तर भक्ती, फोनोवर वाजले तर चावटपणा, लग्नात म्हटले तर थट्टा. पण आमच्या मुलखात घरटी एक माणूस कुठेतरी गेलेलं. मुंबईला, गोदीत, जहाजावर. मागे राहिलेल्या बायकांना आपलं दुखणं उघड बोलायची सोय नव्हती. सासू ऐकेल, शेजारीण ऐकेल. गाण्यात म्हटलं की ते राधेचं होतं. मग म्हणा हवं तेवढ्या मोठ्यानं.

गौरीपूजनाचा दिवस. ऊन पडलं होतं, पिवळंधमक, श्रावणातलं राहून गेल्यासारखं. चुलीवर वड्यांची कढई. वहिनी वडे तळत होती, मी थापत होते, आय गौरीपुढे बसली होती. शेजारच्या खळ्यात नाच चालू होता. चाळांचा खळखळाट, मृदुंग, झांज. गवळण झाली, पोरांनी हाकारा दिला. आता नाच आमच्याकडे येणार. आमचं खळं ओलांडल्याशिवाय पुढच्या घरी जाताच येत नाही. मी हात धुतले, पोरांना द्यायला नारळ काढला. आणि ऐकते तर काय, मृदुंग थांबला. चाळ थांबले. नुसत्या पावलांचा आवाज. मी खिडकीतून बघितलं. पोरं एकामागून एक आमच्या खळ्यातून चालली होती. पायातले चाळ वाजू नयेत म्हणून वाकून हातांनी धरलेले. मृदुंगवाल्यानं दोन्ही तळवे मृदुंगावर दाबलेले. पुढे काका, मान खाली घालून.

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. आमच्याकडे नाच असा फक्त एकाच घरावरून नेतात. ज्या घरात माणूस गेलेलं असतं, सुतक असतं, त्या घरावरून.

काकांच्या मनात तसलं काही नव्हतं हो. बिचारा माणूस. नाच आमच्याकडे थांबला असता तर कुणीतरी सवयीनं ती राधेची मागितली असती, नाहीतर पोरांच्याच तोंडून निघाली असती. पोरीच्या जखमेवर मीठ कशाला, म्हणून गप्प जायचं ठरवलंनी. पण गप्प जायची आमच्याकडे एकच रीत, आणि सवयीनं तीच पाळलीनी. मी वहिनीकडे वळले तर चुलीशी ती नव्हतीच. हातात तेल गळणारा झारा तसाच घेऊन ती खळ्यात जाऊन उभी राहिली होती, पुढच्या पोराच्या वाटेत.

"काका," वहिनी म्हणाली, "कोण मेला आमच्यात?"

काका दचकले. "अगो भागे, असा काय अभद्र बोलतेस सणाच्या दिवशी?"

"मी नाय बोलले. तुमचा मृदुंग बोलला. चाळ का धरलेत पोरांनी?"

"तुला वाईट वाटल म्हणून गो बाय. ती गवळण..."

"वाईट वाटायचा तो माझा मला वाटल," वहिनी म्हणाली. तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "दोन वर्सं वाटतोय, मेले नाय मी. पण तुम्ही असे गप गेलात तर उद्या सगळी वाडी काय धरून चालेल? माझा भाऊ ओटीवर बसलाय, तो काय समजेल? गाणा हाय तवर तो वाटेवर हाय काका. तुम्ही गाणा पुसलात तर माझ्याकडे काय ऱ्हायला?"

धोंडूच्या हातातला अडकित्ता थांबला. आय आतून "भागे, भागे" करत आली आणि दारातच उभी राहिली. कढईत वडे करपत होते, त्याचा वास सुटला होता, आणि मला धड चुलीकडे जाता येईना की खळ्यात जाता येईना. काकांनी पटका सरळ केला, गायला म्हणून एक पाऊल पुढे झाले. मोठे शाहीर! डोळ्यांना पंचा लावून उभे राहिले.

मग वहिनीनंच उचललंन. जाखडीत बाईनं गायची रीत नाही. पण झारा हातात धरून, मान ताठ करून, रस्त्याकडे तोंड करून तिनं म्हटलंन, ‘अजून नाय आला...’ चाल काकांचीच. पण राधेबिधेचं त्यात काही नव्हतं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मृदुंगवाल्याचे तळवे आपोआप उठले. चाळ सुटले. पोरं गोल धरून अशी नाचली की खळ्याचं सारवण उखडलं. मी रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. इतकं भरून मला माझ्या लग्नातही आलं नव्हतं. वहिनी मात्र शेवटपर्यंत थांबली नाही. गाणं चालू लागलेलं बघितलंन आणि आत जाऊन करपलेले वडे काढायला लागली.

धोंडू दुसऱ्या दिवशी गौरी बोळवल्यावर एकटाच निघाला. पायरीवर वहाणा घालताना बहिणीला म्हणाला, "बाय, पुढल्या गौरीपर्यंत बघतो." वहिनीनं त्याच्या पिशवीत वडे बांधून दिले. तो गेला, आणि त्याच्या मागोमाग पालीकडून भोंगा वाजला. वहिनीनं घागर उचलली.

दादा आला तो कार्तिकात, बोटीनं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना. भातकापणी चालली होती. आय सांगायची, बंदरावरून चालत आला, हडकलेला, खलाशाची अर्धी विजार घातलेला. गिरणी बंद पडली होती, गोदीत काम धरलंन, तिथून जहाजावर गेला, आजारी पडला, आणि रिकाम्या हातानं कसा जाऊ म्हणून लाजत राहिला. बिऱ्हाडबिऱ्हाड काही नव्हतं. वहिनी शेतात वाकलेली होती. सावली पडली म्हणून तिनं वर बघितलंन. मग म्हणाली, "जेवलास?" आणि विळा खाली ठेवून घराकडे चालू लागली. चालू लागली, पळाली नाही.

पण ती तगमग गेली म्हणता का? मला ठाऊक आहे ना. पुढे कितीदा मी माहेरी गेले. दादा ओटीवर घोरत पडलेला असायचा आणि पालीकडून मोटारीचा भोंगा वाजला की वहिनीचा हात थांबायचा. एकदा मी म्हटलं, "अगो, तो बघ तिथे झोपलाय!" ती ओशाळली. म्हणाली, "ठाव हाय गो. हातालाच कळत नाय." तेव्हा मी तिला हसले. आणि आता मी बघा, कर्ण्यातल्या कुठल्याशा बाईचं ऐकून फाटकापर्यंत जाते.

दादा आला त्याच्या पुढच्या गौरीची गोष्ट सांगायची राहिली. नाच आमच्या खळ्यात आला. दादाच्या पायात आता चाळ होते, अंगानं भरला होता, डोक्याला जरीचा पटका. काका माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी काही सुरू करायच्या आधी दादानंच हाकारा दिलान, "काका, ती होऊन जाऊ दे, ती राधेची!" आणि गोलात सगळ्यांत मोठ्या आवाजात, उड्या मारमारून म्हणायला लागला, ‘अजून नाय आला, अजून नाय आला!’ वहिनी दारात होती. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलंन आणि वळून आत निघून गेली.

नाच पुढच्या घरी गेला तेव्हा दादा घाम पुसत माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "काय गो शेवंते, भागीला ह्या गाणा आवडत नाय वाटता?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगणारही नव्हतं.

"आवडायचा रे," मी म्हटलं. "तू नव्हतास तेव्हा."